आतनं ऐंशी, बाहेरनं ब्याऐंशी

गिरण, पौडच्या अलीकडं
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

ज्ञानदा मॅडम,

गिरणीवाल्या रेश्माचा नमस्कार. नमस्कार रीतीपुरता हाय, मनातनं न्हाई, ते आधीच सांगून टाकते.

तुमचा गवत कापायचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला जे येत्यात, त्यांची मी बायको. मी त्यांचं नाव घेत न्हाई. तुमी घेता, असं कानावर आलं. ‘माऊली, जरा बघता का?’ असं म्हणता म्हणं. सगळं खोरं त्यांना माऊलीच म्हणतंय, पण खोऱ्याचं म्हणणं मला टोचत न्हाई.

फोन केला असता, पण घरात फोन एकच, तो त्यांच्या खिशात. आन् फोनवर तुमी गोड बोलून मला गप केलं असतं. म्हणून लिवते. भिकूमामा तुमच्याकडं दूध घालत्यात, कागद त्यांच्याकडं देते. उत्तरबी त्यांच्याकडंच द्या, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. दुसरं कोण ते तुमाला कळलं आसंल.

आता मुद्द्याचं. गणपती बसल्यापासनं तुमचा पट्टा सारखा तुटतोय. पट्टा तुटला की तुमचा फोन, फोन आला की यांची आंघोळ. इस्त्रीचा शर्ट घालून ग्रीसात लोळायला जाणारा माणूस मी पयल्यांदाच बघितला. काल घरात पित्रं हुती, यांच्या आजीची तिथ. पानं मांडली, कावळ्याला घास ठेवला, जेवायला भावकी बसली, आन् घरचा धनी कुटं? तर तुमच्या मशीनखाली. मामंजी कोंडिबा काय बोलले न्हाईत, पण ते गप बसले म्हंजे काय, ते आमच्या गावात सगळ्यांना ठावं हाय.

आन् तुमाला घातलेले पट्टे येत्यात कुटनं? माझ्या गिरणीतनं. भाताच्या मशीनीला लागतील म्हणून मी पौडवरनं आणून खिळ्याला टांगलेले. एक एक करून कमी व्हायलेत.

मी चौदा वर्सं गिरण चालवते. पिठाची आन् भाताची, दोन्ही. पट्ट्याचं मला कळतंय. तवा एक करा, मशीनला नक्की काय व्हतंय ते मला लिवा. चालू करताना किंचाळतो का? सपाटीला चालतो आन् चढाला बसतो का? जळका वास येतो का? पट्टा पुलीतनं पडतो का मधनं तुटतो? तुमचा पट्टा टिकला तर माझा माणूस घरी टिकंल, एवढाच माझा स्वार्थ.

रेश्मा

*

बुधवार, २५ सप्टेंबर

रेश्माताई,

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. भिकूमामा ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे राग नीट करताही आला नाही.

आधी तुमच्या मनातलं. तुम्हाला वाटतंय तसं इथे काही नाही. मी मूळची अकोल्याची. हिंजवडीत पंधरा वर्षं नोकरी केली, आता घरूनच करते. सकाळपासून मीटिंगमध्ये असते. तुमचे मिस्टर येतात तेव्हा मी खिडकीतून हात करते, बस. पित्रांचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोलावलं नसतं. सॉरी.

आता मशीनचं. हा ट्रॅक्टर आम्ही सेकंडहँड घेतला, बाहेरून आलेला आहे. तुम्ही विचारलेलं सगळंच होतं. क्लच सोडला की किंचाळतो. गेटजवळच्या सपाटीवर नीट चालतो, मागच्या उतारावरून वर येताना इंजिन ओरडत राहतं आणि चाकं जागची हलत नाहीत. रबर जळल्याचा वास पार स्वयंपाकघरात येतो. एकदा पट्टा पुलीतून पडला, मग तुटायलाच लागला.

मला एक कळत नाही. सीटखालच्या स्टिकरवर पट्ट्याची लांबी ८२ इंच लिहिली आहे. माऊलींनी (मी काय लिहू, माऊलीभाऊ?) घातलेल्या पट्ट्यावरही ८२ च छापलेलं आहे. मग चुकतंय कुठे?

ते मात्र फार मन लावून काम करतात. काम झालं की मला बोलावून सगळं समजावून सांगतात, कुठली पुली काय करते, स्प्रिंग कशाला असते. मग स्वतः बसून पूर्ण लॉन कापून देतात. इतकं मोकळं बोलणारा माणूस मी इकडे पाहिला नाही.

ज्ञानदा

*

शुक्रवार, २७ सप्टेंबर

मॅडम,

इतकं मोकळं बोलणारा माणूस. ही ओळ मी तीनदा वाचली. चुकून दुसऱ्या कुणाबद्दल लिवली का काय म्हणून.

आमच्या घरात त्यांचे शब्द तीन. व्हय, न्हाई आन् वाढ. माझ्या लग्नाला सोळा वर्सं झाली, स्प्रिंग कशाला असती ते मला कुणी समजावून सांगितलं न्हाई. न्हाई म्हंजे, मला ठावं हाय कशाला असती. पण सांगायला काय जातंय?

खिडकीतनं हात करता म्हणालात. कशाला करता? पंख्याला, फ्रिजला, गवताला कुणी हात करतं का? मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दुरुस्त करू द्यावं.

बरं, तुमचे मिस्टर कुटं असत्यात? ‘आमी’ घेतला म्हणता, तर त्यातला दुसरा कुटं हाय? त्याला एक पट्टा बसवता येत न्हाई व्हय?

आता ब्याऐंशीचं. मला संशय हाय, पण हातात घेतल्याबिगर बोलणार न्हाई. मशीनसंगं आलेला पयला जुना पट्टा टाकला नसंल तर तो, आन् नंतरचे जेवढे तुटले ते सगळे भिकूमामाकडं द्या. धुऊ नका, पुसू नका. तुटलेला पट्टा आपली कहाणी आपणच सांगतो, त्याला फकस्त बघणारा लागतो.

आन् भाऊ लिवा. माऊलीभाऊ. तेच बरं दिसतंय.

रेश्मा

*

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

रेश्माताई,

चारही पट्टे भिकूमामांकडे पाठवतेय. कालच चौथा तुटला. घटस्थापनेच्या दिवशी माऊलीभाऊंना बोलवायचं नाही असं मी ठरवलं होतं, तर तेच आले. म्हणाले, ‘म्हटलं बघावं, चालतोय का.’ मशीन चालू केली आणि दुसऱ्याच फेरीला तुटला. मला आश्चर्यच वाटलं, त्यांना फारसं वाटलं नाही.

जुना पट्टा शेडमध्ये होता. त्यावर १ चिठ्ठी लावली आहे, पुढच्यांवर २, ३, ४. तिसरा आणि चौथा माऊलीभाऊ पिशवीत घालून नेत होते, ‘कचरा मीच टाकतो’ म्हणत. मी म्हटलं राहू द्या.

मनीषबद्दल विचारलंत. त्याचा प्रोजेक्ट मोठा आहे. मारुंजीत आमचा फ्लॅट आहे, तिकडून ऑफिस जवळ पडतं. येतो तो अधूनमधून. ट्रॅक्टर त्यानेच हौसेने घेतला, दोनदा चालवला.

काल कामानंतर भाऊंना उपासाचा चिवडा दिला. त्यांनी खाल्ला नाही, म्हणाले घरी केलेलं असतं. हे तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

ज्ञानदा

*

सोमवार, ७ ऑक्टोबर

बाई,

आता मॅडम म्हणवत न्हाई. चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणत्यात ते आज कळलं.

आधी तुमची शंका मिटवते, कारण मी बोलले ते करणारी हाय. तुमचा जुना पट्टा मी गिरणीच्या फरशीवर मांडून दोरा लावला. बाहेरनं ब्याऐंशी इंच भरला, आतनं ऐंशी. तुमच्या स्टिकरवाले पट्टा बाहेरनं मोजत्यात. आपल्याकडं ए सेक्शनचा, म्हंजे गिरणीतल्या जाडीचा, पट्टा आतनं मोजत्यात, त्यावर छापलेला आकडा आतला असतो. म्हंजे आमच्या खिळ्यावरचा ब्याऐंशी तुमच्या मशीनला दोन इंच लांब. दोन इंच ढिला पट्टा सपाटीला भागवून नेतो, चढ आला की पुलीवर नुसता घसरतो. घसरला की तापतो, तापला की किंचाळतो, जळतो. नंबर दोनचा पट्टा बघा, दोन्ही बाजूंनी काचेवानी चमकतोय. तो असा मेला.

दुसरं. गिरणीचा पट्टा एकदा चालू झाला की दिवसभर चालतो. तुमच्या मशीनीत क्लच दाबला की पट्टा ढिला, सोडला की ताठ. त्याला आत चिवट धाग्याचा, खास बागेच्या मशीनीचा पट्टा लागतो. पुण्यातनं मागवा, बाहेरनं ब्याऐंशी सांगा. बसवायच्या आधी चावी काढा, प्लगची वायर काढा. जुना पट्टा कुटनं कुटं जातो त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मंगच सोडा. ताण देणारी पुली हातानं फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलं, पट्टा बदलून उपेग न्हाई. पुलीच्या कडंला लोखंडी खुंट्या असत्यात, पट्टा त्यांच्या आतनं जाऊ द्या, वरनं न्हाई.

झालं तुमचं काम. आता माझं.

नंबर तीन आन् नंबर चार. हे जळलेले न्हाईत. घासलेले न्हाईत. निम्म्यापर्यंत सरळ चीर, पातं फिरवल्यागत साफ, आन् फुडचं निम्मं वडून तुटलेलं, धागे निघालेले. हे पट्टे कापल्यात, बाई. आतल्या बाजूनं कापल्यात, वरनं दिसू नये म्हणून.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? पट्टा तुमच्या शेडमधे, मशीन तुमची, सुरी तुमच्या स्वयंपाकघरात. माणूस यावा म्हणून पट्टा कापायचा, आन् वर मला लिवायचं ‘चुकतंय कुठे?’ चिवडा खाल्ला न्हाई ते बरं वाटंल म्हणून लिवता. मला बरं वाटावं याची तुमाला एवढी काळजी का?

मी गिरणीत बसून पीठ खाते, पण मला दिसतंय सगळं.

रेश्मा

*

गुरुवार, १० ऑक्टोबर

रेश्माताई,

मी पट्टा कापला नाही. हे एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही. ते झाकण कुठे उघडतं हेसुद्धा मला तुमचं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. मशीनखाली हात फक्त एका माणसाचा जातो.

तुमचं पत्र आल्यावर मला इतका राग आला, की काल ते आले तेव्हा मी सरळ बाहेर गेले आणि पत्रातला मशीनबद्दलचा अर्धा भाग त्यांना वाचून दाखवला. कापल्याचा भाग वाचला नाही, तेवढं भान होतं. आतून ऐंशी, बाहेरून ब्याऐंशी, क्लचचं, धाग्याचं, खुंट्यांचं. म्हटलं, ‘भाऊ, तुमच्या मिसेसनी गिरणीत बसल्या बसल्या शोधून काढलं बघा. काय हुशार आहेत.’

ते पान्हा हातात घेऊन बसलेच. मग म्हणाले, ‘हितंबी तीच.’

मला कळलं नाही. मी विचारलं, म्हणजे काय? तेव्हा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमचं आहे, माझं नाही. म्हणाले, ‘बापानं गिरण काढली, चावी सुनंच्या हातात दिली. मी पट्ट्याला हात लावला की सरा बाजूला. गिऱ्हाइकाच्या म्होरं, पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या म्होरं, सरा बाजूला. हितं कुणी सरा म्हणत न्हवतं.’ मग हात धुतले आणि गेले. पान्हा इथेच राहिला आहे.

मी त्यांच्याशी काही चुकीचं वागले नाही. पण वाचून दाखवायला नको होतं, असं आता वाटतंय. ते घरी नीट आले ना?

ज्ञानदा

*

सोमवार, १४ ऑक्टोबर

ज्ञानदाताई,

न्हाई आले.

बुधवारी संध्याकाळी मी भाकऱ्या करून वाट बघितली. दुसऱ्या दिवशी कळलं, सूसला गेलेत, मावसभाऊ दयानंदकडं. तो तिकडं एका सोसायटीची बाग बघतो. तितं यांना कामाला लावलंय, ऱ्हायलाबी तितंच. मी शेजारच्या फोनवरनं लावला, माझा आवाज ऐकला आन् कट केला. दयानंदची बायको म्हणली, ‘वहिनी, ते म्हणत्यात दिवाळी हितंच करणार.’

दसऱ्याला मशीनची पूजा असती. दरवर्षी ते झेंडूचा हार करत्यात, मी नारळ फोडते. औंदा हार मी केला. मामंजी दारात उभं ऱ्हाऊन बघत हुते. म्हणले, ‘सूनबाई, चावी तुला दिली तवा त्याचं तोंड मी बघितलं न्हाई, हे खरं.’ आन् आत जाऊन झोपले.

तुमच्यावर मी लई चिडले हुते. वाचून दाखवायची काय गरज हुती तुमाला? माझा कागद तुमाला लिवलेला. पण ताई, आपलेच दात आन् आपलेच ओठ. ‘सरा बाजूला’ हे मी म्हणते. दिसातनं चारदा म्हणते. दारात भाताची पोती लागलेली, गिऱ्हाईक घाई करतंय, आन् हे पट्टा हातात धरून इचार करत उभे. मला दोन मिन्टात जमतंय, तर मी उभं ऱ्हाऊन बघू? येत असलेलं येत न्हाई म्हणू? ते मला जमणार न्हाई. मी तशी न्हाई.

पण त्यांनी तुमच्या मशीनीचा पट्टा कापला, का, तर कुटंतरी आपल्याबिगर अडावं म्हणून, हे तुमचा कागद वाचून उमगलं आन् मी गिरण बंद करून बसले. भर सुगीच्या तोंडाला. मी तुमच्यावर जळत हुते आन् ते माझ्यावर जळत हुते. सोळा वर्सं एका ताटाला बसतोय आमी, मला कळलं न्हाई.

तुमच्याकडं आले तर सांगा. न्हाई आले तरी सांगा.

रेश्मा

*

शनिवार, १९ ऑक्टोबर

रेश्माताई,

ते आले नाहीत. फोन केला होता, उचलला नाही.

तुम्हाला बरं वाटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. पुण्याहून पट्टा आला, बाहेरून ब्याऐंशी, आत चिवट धागा असलेला. आणि तो मी बसवला. तुमचं पत्र मशीनच्या सीटवर दगडाखाली ठेवून, एक एक ओळ वाचत. चावी काढली, प्लगची वायर काढली, फोटो काढला. पुली फिरवली, खरखर नव्हती. पहिल्यांदा एका खुंटीच्या वरून गेला, मग परत काढला. बोटं सोलवटली. चालू केला तर किंचाळला नाही. उतारावरून वर आला, गुपचूप. मी एकटीने पूर्ण लॉन कापलं आणि शेवटी मशीनवरच बसून रडले.

आता तुम्ही खरं खरं लिहिलंत तर मीही लिहिते. मनीष अधूनमधून येत नाही. एप्रिलपासून आलेला नाही. मारुंजीच्या फ्लॅटमध्ये तो एकटा राहतो की नाही हे मी विचारत नाही, तो सांगत नाही. भाऊ इथे यायचे तेव्हा मी खिडकीतून हात करायचे, कारण कुणीतरी मान वर करून बघायचं. त्यापेक्षा जास्त काही नव्हतं, पण ते काहीच नव्हतं असंही नाही. तुमचा संशय अगदीच वेडा नव्हता, तुमच्या रागाचं तेवढं तरी मी देणं लागते.

आता पट्टा टिकेल. तुम्हाला पहिल्या पत्रात हेच हवं होतं.

ज्ञानदा

*

सोमवार, २१ ऑक्टोबर

ज्ञानदाताई,

तुमची बोटं बरी झाली का? हळद लावा.

खिडकीचं वाचलं. वाचून राग आला, खोटं कशाला सांगू. पण तुमी खरं लिवलंत, आमच्या घरधन्यानं मला कधी सांगितलं न्हाई, म्हणून तुमाला माफ केलं. थोडं ठेवलंय, सगळं न्हाई केलं.

आता माझं ऐका. तो पट्टा काढा.

व्हय, काढा. चांगला बसलाय ते मला ठावं हाय. काढून कपाटात ठेवा, कुणाला दाखवू नका. मंग त्यांना फोन लावा. उचलला न्हाई तर दयानंदच्या फोनवर लावा, नंबर मागं लिवलाय. म्हणा, मशीन बंद पडलीय, पुण्यातला मेकॅनिक बघून गेला, त्याला जमलं न्हाई. म्हणा, तुमच्याबिगर कुणाला जमत न्हाई. ही ओळ नीट म्हणा. मी सोळा वर्सांत म्हणले न्हाई, तुमच्या तोंडनं तरी जाऊ दे.

आले तर मधे बोलू नका. आतनं मोजू द्या, बाहेरनं मोजू द्या. परत लांबच पट्टा घातला तर घालू द्या. आठवड्यानं जळंल, आठवड्यानं परत येतील. सूसवरनं तुमच्याकडं यायचं म्हंजे आमच्या दारावरनंच यावं लागतंय. दारावरनं येणारा माणूस एक दिवस दारात थांबंल.

कुणाचा नवरा कुणाच्या घरी पाठवायला मी निघालेय, बघा. एक महिन्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर त्याला जात्यात घातला असता.

माझं नाव काढू नका. चुकूनबी काढू नका.

रेश्मा

*

रविवार, २७ ऑक्टोबर

रेश्माताई,

हे पत्र घाईत लिहितेय. भिकूमामा गाडी चालू ठेवून उभे आहेत आणि माऊलीभाऊ इथे आहेत, मशीनजवळ.

दयानंदच्या फोनवरच सापडले. तुम्ही सांगितलेली ओळ मी नीट म्हटली. ‘रविवारी बघतो’ म्हणाले. आज आले. त्यांनी झाकण काढलं, पुली फिरवून पाहिली, पान्हा उचलून हातातच धरला. खिशातून दोरा काढला. पुलीवरून दोरा फिरवून दोनदा मोजला, मग टेकून बसले.

मी ठरल्याप्रमाणे गप्प होते. तेच म्हणाले, ‘तुमची चिठ्ठी जाती ना गिरणीवर?’ मी म्हटलं, जाते कधी कधी. म्हणाले, ‘मंग इचारा तिला, ए सेक्शनचा ऐंशी घातला तर तात्पुरता चालंल का. तुमी इचारताय असं लिवा. माझं नाव काढू नका.’

मी आत आले आणि दार लावून घेतलं. ताई, मला तुमचा हेवा वाटतो. एक म्हणते माझं नाव काढू नका, एक म्हणतो माझं नाव काढू नका, आणि मी मधे उभी. मनीषला परत आणायला मी कधी एक खिळासुद्धा ढिला केला नाही. त्यानेही केला नाही. आम्ही दोघांनीही सगळं नीट ठेवलं.

हवा तो पट्टा माझ्या कपाटात आहे, हे मी त्यांना सांगणार नाही. काय उत्तर देऊ? लवकर कळवा. ते उन्हात बसलेत आणि आत या म्हटलं तर येत नाहीत.

ज्ञानदा

*

रविवार, दुपार

ज्ञानदाताई,

त्यांना म्हणा, गिरणीवाली म्हणती, चालंल का न चालंल ते मला हितनं सांगता येत न्हाई. भाताची मशीन सकाळपासनं बंद हाय, दारात पोती लागलीत, मी एकटीला सुधरत न्हाई. मशीनीची मापं दोऱ्यावर घेऊन हितं या म्हणावं. आपण दोघांनी मिळून बघू म्हणावं. माझं नाव सांगितलं तरी चालंल.

मशीन खरंच बंद हाय. तुमचा कागद वाचला आन् मीच बंद केली, पण ते त्यांना सांगू नका.

तुमच्या कपाटातला पट्टा उद्या बसवा, आता तुमाला जमतंय. दिवाळीत एक दिवस जेवायला या, करंज्या करणार हाय. मनापासनं बोलावते, ह्या वेळी रीत म्हणून न्हाई.

पण आज त्यांना एकट्यालाच पाठवा. आन् निघताना खिडकीतनं हात करू नका.

रेश्मा